त्या खुर्चीखालची जमीन कुणाची?

पोस्ट लांबलचक आहे. वेळ असेल तरच वाचा. पण वाचायला घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा आणि मगच भांडायला या.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या गावातल्या सगळ्या ग्रुपवर युरोप उतरतो. पूर्वी आयफेल टॉवर आणि स्वित्झर्लंडचा बर्फ असायचा. हल्ली त्यात आणखी एका फोटोची भर पडलीय. जुन्या तटबंदीच्या आतला दगडी चौक, उघड्यावर मांडलेली टेबलं, त्यावर पांढरं कापड, वर पिवळा दिवा, मागे चर्चचा मनोरा. आणि खाली ठरलेली ओळ: ‘याला म्हणतात शहर! नाहीतर आपला चौक बघा, जिकडेतिकडे भाजीवाल्या आणि हातगाड्या.’

यंदा सगळ्यात जास्त फिरला तो क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचा फोटो. मालिकेच्या शूटिंगमुळे ‘गेम ऑफ थ्रोन्सवालं गाव’ म्हणून आपल्या पोरांनाही माहीत असलेलं.

फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणी आयुष्यभर नोकरी करून पैसे साठवले, घरच्यांना घेऊन गेला, समुद्राकाठी चार घास खाल्ले, तर त्याचा आनंद खरा आहे. तक्रार आहे ती त्या ओळीच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल. कारण ग्रुपवरची ओळ ग्रुपवरच राहत नाही. ती आधी चहाच्या टपरीवर येते, मग निवेदनात येते, आणि एक दिवस ‘चौक मोकळा करून युरोपच्या धर्तीवर खाऊ गल्ली’ असा विषय होऊन सभेपुढे येते. हा विषय आपल्याकडेही कुजबुजीत आलेला आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

तेव्हा नाव दुब्रोव्हनिकचं घेतलंय, तर दुब्रोव्हनिकचंच बोलू.

मी तिथे गेलेलो नाही. माझी वीस वर्षं नगरपालिकेच्या बातम्या करण्यात गेलीत. त्यामुळे असा फोटो समोर आला की लोकांना मेणबत्ती दिसते आणि मला परवाना दिसतो. ही जमीन कुणाची? भाडं किती? किती वाजेपर्यंत? आणि वरच्या खिडकीत कुणी राहतं का? हे चार प्रश्न विचारत दुब्रोव्हनिकबद्दल जे काही छापून आलंय ते वाचत गेलो, आणि फोटोतलं शहर वेगळंच दिसायला लागलं.

आधी आकार समजून घ्या. अख्ख्या दुब्रोव्हनिकची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ४१ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. त्यातलं जुनं शहर तटबंदीच्या आत. ती तटबंदी साधारण १,९४० मीटर, पुरते दोन किलोमीटरही नाही. मधला मुख्य रस्ता, ज्याला ते स्त्रादून म्हणतात, तो जेमतेम ३०० मीटर. आपल्या बाजारपेठेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारावी एवढाच.

हे शहर १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षं स्वतःचा कारभार स्वतः करत होतं. व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक. कधी हंगेरीच्या राजाला, कधी तुर्कांच्या सुलतानाला खंडणी द्यायची आणि घरात मात्र आपलंच चालवायचं, असा खाक्या. १२७२ सालच्या त्यांच्या नगर-कायद्यात बांधकामाचे आणि रस्त्यांचे नियम लिहिलेले होते. १३७७ मध्ये साथीच्या भागातून येणाऱ्यांना शहराबाहेर थांबवण्याचा ठराव त्यांनी केला. आपण कोरोनात ज्या क्वारंटाइनला कंटाळलो, त्याचा हा सगळ्यात जुन्या सरकारी नमुन्यांपैकी एक. १६६७ मध्ये मोठा भूकंप झाला, शहर कोसळलं. त्यानंतर स्त्रादूनवरची घरं एकाच धाटणीची बांधली गेली: खाली दुकान, वर राहतं घर.

त्या दुकानांची दारं बघा. अर्धी कमान दार आणि अर्धी खिडकी. खिडकीचा कट्टा हाच दुकानाचा गल्ला. दुकानदार आत, गिऱ्हाईक रस्त्यावर. म्हणजे माल कट्ट्याच्या आत आणि रस्ता चालणाऱ्यांचा. आज ज्या रस्त्यावर टेबलं बघून आपण ‘काय परंपरा आहे’ म्हणतो, त्या रस्त्याची परंपरा दुकान आत ठेवण्याची आहे.

तीच गत ‘पारंपरिक’ हॉटेलाची. तिकडे त्याला कोनोबा म्हणतात. गल्लीगल्लीत पाटी दिसते. कोनोबा या शब्दाचा मूळ अर्थ तळघर, कोठार. वाईनची पिंपं, तेल, खारवलेलं मांस ठेवायची घराखालची थंड, अंधारी जागा. तिथेच चार माणसं बसून खायची-प्यायची, त्याची पुढे खानावळ झाली. आता पर्यटकाला अंधार नको, आकाश पाहिजे. म्हणून तळघर वर आलं आणि चौकात येऊन बसलं. खाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. माली स्तोनच्या खाडीतले कालवं, म्हाकळीच्या शाईत शिजवलेला काळा भात, रोझाता नावाचं कॅरॅमल पुडिंगसारखं गोड, हे सगळं तिथलं अस्सल आहे. पण गंमत बघा. ‘श्पोर्की मकारुली’ नावाचा गोमांसाच्या रश्श्यातला मॅकरोनी हा त्या गावाचा खास पदार्थ, आणि तो मुख्यतः ३ फेब्रुवारीच्या आसपास रांधतात, ग्रामदैवत संत व्लाहोच्या उत्सवात. म्हणजे भर हिवाळ्यात. तेव्हा आपले फोटोवाले नसतात, जहाजं नसतात, आणि जुन्या शहरातल्या बऱ्याच ‘पारंपरिक’ हॉटेलांना कुलूप असतं. गावाचा सण आणि गावाच्या नावानं चालणारं हॉटेल बंद! परंपरा कुणासाठी मांडलीय, ते यावरून ओळखा.

आता मुख्य चौकाकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

जुन्या शहरात गुंदुलिच नावाच्या कवीचा पुतळा असलेला एक चौक आहे. पुतळा १८९३ चा. या चौकात संध्याकाळी भरपूर टेबलं लागतात. फोटोतला चौक हाच, किंवा याच्यासारखाच एखादा. पण सकाळी तिथे काय असतं? भाजीबाजार! उघड्यावर, छत्र्यांखाली, लाकडी टेबलांवर. आसपासच्या गावांतल्या बाया भाजी, फळं, सुके अंजीर, मध, घरची दारू घेऊन येतात. दुपारी बाजार उठतो आणि मग जागा हॉटेलांच्या खुर्च्यांना मिळते.

परत वाचा. सकाळी भाजीवाली, नंतर हॉटेलवाला. एकच दगडी फरशी, दोघांनी वाटून घेतलेली. तुम्ही फोटो रात्री काढलात म्हणून तुम्हाला फक्त टेबल दिसलं. आणि ते टेबल दाखवून तुम्ही इथल्या भाजीवालीला उठवायला निघालात. ज्या चौकाचा दाखला देताय, त्या चौकात ती आहे! तिच्या वेळेत खुर्चीवाला वाट बघतो.

दुसरी गोष्ट. ती खुर्ची फुकट नाही. युरोपात जवळजवळ सगळीकडे चौक, पदपथ ही पालिकेची जागा. तिथे टेबल मांडायचं तर परवाना, परवान्यात जागेचं माप आणि भाडं. व्हिएन्नात अशा उघड्यावरच्या बैठकीला शानिगार्टन म्हणतात आणि त्याचं भाडं चौरस मीटरवर ठरतं. माप ओलांडलं तर दंड. म्हणजे तिथे हॉटेलवाला तेच करतो जे आपली भाजीवाली रोज करते: सार्वजनिक जागेवर बसायचं म्हणून पावती फाडतो. आपल्याकडे मात्र पावती फाडणारी मावशी ‘अतिक्रमण’, आणि पायऱ्या, ओटा, शेड, फलक असं करत करत गटारीच्या पुढे आलेलं पक्कं दुकान म्हणजे ‘व्यापारी बांधव’. युरोप आणायचाच असेल तर आधी मोजपट्टी आणा. बघू किती जण टाळ्या वाजवतात.

इथपर्यंत काहींना वाटेल, पत्रकार शेवटी दुब्रोव्हनिकचं कौतुकच करायला लागले. थांबा. आता दुसरी बाजू.

१९९१ मध्ये या जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत साधारण ५ हजार माणसं राहत होती. त्याच वर्षी युद्ध आलं. ६ डिसेंबर १९९१ ला शहरावर तोफगोळ्यांचा मारा झाला, घरांची कौलं उडाली. युनेस्कोनं १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरवलेलं गाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं आणि १९९८ मध्ये त्यातून बाहेर आलं. कौलं पुन्हा चढली, भिंती दुरुस्त झाल्या. पण माणसं? आज तिथे हजार-दीड हजार लोक राहतात. तोफांनी जेवढी माणसं गाव सोडून गेली नाहीत, त्याहून जास्त नंतरच्या शांततेत गेली.

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात कुणी खलनायक नाही. साधा हिशेब आहे. हंगामात खोली पर्यटकाला दिली तर काही महिन्यांत जे मिळतं, ते भाडेकरू वर्षभरात देऊ शकत नाही. मग घराची खोली होते. खालच्या दुकानात चांभार, शिंपी, किराणावाला होता. त्याच्या गाळ्याला हॉटेलवाला किंवा आइस्क्रीमवाला जास्त भाडं देतो. मग किराणा जातो. किराणा गेला की म्हातारीला दुधासाठी तटबंदीबाहेर पायऱ्या उतरून जावं लागतं. रात्री खिडकीखाली खुर्च्या ओढल्याचा आवाज, हसणं, बाटल्या. मुलगा म्हणतो, आई, विकून टाकू. विकतात. ज्यानं विकलं त्याला दोष देता येत नाही, ज्यानं घेतलं त्यालाही नाही. एकेक व्यवहार शहाणपणाचा, आणि सगळे मिळून गाव मेलं.

मग बाजाराचं काय झालं? गुंदुलिच चौकातला बाजार अजून भरतो. पण भाजी घेणारं बिऱ्हाड वर राहिलं नाही. तेव्हा टेबलांवर लव्हेंडरच्या पुरचुंड्या, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली, शोभेच्या बाटल्या वाढत गेल्या. बाई तीच, चौक तोच, गिऱ्हाईक बदललं. सुटकेसवाल्याला दोडका नको असतो.

गर्दी किती? २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात तटबंदीवर १० हजारांहून जास्त माणसं चढली. त्याच सुमारास युनेस्कोच्या तज्ज्ञांनी सांगितलं, जुन्या शहरात एका वेळी ८ हजारांपेक्षा जास्त लोक नकोत. ३०० मीटरच्या रस्त्याला लागून असलेल्या गल्ल्यांत ८ हजार! आपल्या यात्रेची आठवण करा. फरक एवढाच की आपली यात्रा वर्षातून एकदा येते.

शेवटी पालिकेला जाग आली. २०१७ पासून महापौर मातो फ्रांकोविच यांच्या काळात नियम लागले. २०१९ पासून दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आणि एका वेळी साधारण ४ हजार प्रवासी, अशी मर्यादा ठरली. आणि आपल्या विषयाची गोष्ट: जुन्या शहरातल्या शोभेच्या वस्तूंच्या टपऱ्या सुमारे ८० टक्क्यांनी कमी केल्या, आणि हॉटेलांची बाहेरची टेबलं-खुर्च्या सुमारे ३० टक्क्यांनी.

मला माहीत आहे, आता कुणीतरी उडी मारून म्हणणार, ‘बघा, तिथेही टपऱ्या हटवल्याच की!’ हटवल्या. पण कुठल्या? पर्यटकाला चुंबक आणि टोप्या विकणाऱ्या. आणि त्यांच्याबरोबर कुणाच्या खुर्च्या उचलल्या? गावातल्या सगळ्यात कमाईदार हॉटेलवाल्यांच्या. कात्री खालून वरपर्यंत चालली. आपल्याकडे अतिक्रमण पथकाची गाडी हातगाडीपाशी थांबते आणि मोठ्या शोरूमच्या शेडखालून वळून परत जाते. हा फरक फोटोत येत नाही.

अलीकडे जुन्या शहरात नव्या खासगी पर्यटक-खोल्यांना परवाने देणंही त्यांनी थांबवलं. चांगलं केलं. पण मला विचाराल तर हे सगळं वरातीमागून घोडं. टेबल दुपारी उचलता येतं. उठून गेलेलं बिऱ्हाड परत आणता येत नाही. तिथली पालिका आज जे करतेय ते गाव वाचवण्यासाठी कमी, आणि उरलेला देखावा नीट चालावा म्हणून जास्त, अशी परिस्थिती त्यांनी स्वतःवर ओढवून घेतली. व्हेनिसचंही तेच. १९५१ च्या सुमारास तिथल्या जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक होते. २०२२ मध्ये आकडा ५० हजारांच्या खाली गेला. २०२४ पासून गर्दीच्या दिवशी शहरात शिरायला तिकीट आहे. गावात शिरायला तिकीट! ते गाव म्हणायचं की म्युझियम?

यावर दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

पहिला: ‘पर्यटन नसेल तर त्या लोकांनी खायचं काय?’ बरोबर प्रश्न आहे. युद्धातून उठलेल्या त्या गावाला पर्यटनानंच हात दिला, हे नाकारणारा मूर्ख. पण आपण शेतकऱ्यांची पोरं आहोत. अख्ख्या शिवारात एकच पीक घेतलं की भाव पडल्यावर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२० मध्ये कोरोनात जहाजं थांबली आणि दुब्रोव्हनिकच्या त्या दगडी रस्त्यावर चालायला माणूस उरला नाही. जिथे वर लोक राहतात तिथे हॉटेल वाईट दिवसांतही चहा-पावावर तग धरतं. जिथे वर कुणीच नाही, तिथे नुसती खुर्च्यांची चळत.

आणि खायचं काय म्हणता, तर हेही ऐका की त्या टेबलांवर वाढतं कोण. क्रोएशियाची आपली तरुण पोरं जर्मनी-आयर्लंडला गेली. २०२३ मध्ये त्या देशानं परदेशी कामगारांना दीड लाखांहून जास्त परवाने दिले. बोस्निया-सर्बियापासून नेपाळ, भारत, फिलिपिन्सपर्यंतचे लोक. म्हणजे ‘पारंपरिक’ कोनोबात पर्यटकही बाहेरचा आणि ताट आणणाराही बाहेरचा असं होऊ शकतं. कष्ट करणाऱ्या पोराला मी नावं ठेवत नाही, त्याला सलाम आहे. पण मग परंपरा नेमकी कुठे बसलीय? भिंतीत?

दुसरा आक्षेप: ‘म्हणजे आपण काही सुधारायचंच नाही का? चौकात बसून चार घास खाणं वाईट आहे का?’ अजिबात नाही. उघड्यावर बसून जेवणं ही माणसाची जुनी हौस आहे आणि ती भागवता येते. कोपनहेगननं १९६२ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता गाड्यांसाठी बंद केला. तेव्हा तिथले लोक हेच म्हणाले होते की आम्ही इटालियन नाही, या थंडीत बाहेर कोण बसणार? आज तिथे लोक पांघरूण घेऊन बाहेर बसतात. पण लक्षात घ्या, तिथे रस्त्यावरून आधी गाडी हटवली. भाजीवाली नव्हे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ठासून म्हणतो: चौकातलं टेबल तेव्हाच शोभतं, जेव्हा त्या चौकावरच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे असतात. कपडे गेले की टेबल म्हणजे नाटकाचं सामान.

आपल्या गावात जुनी पेठ आहे. वाडे पडायला आलेत, पण त्यात अजून लोक राहतात. खाली पिठाची गिरणी आहे, शिंपी आहे, वाणी आहे. चौकात सकाळी भाजी बसते. जे दुब्रोव्हनिकनं घालवलं आणि आता पैसे मोजूनही परत मिळत नाही, ते आपल्याकडे फुकटात शिल्लक आहे. आणि आपण तेच हटवून फोटोतला चौक आणायला निघालोय!

खाऊ गल्लीला माझा विरोध नाही. पण सभेत विषय येण्याआधी चार गोष्टी लेखी द्या. एक, सकाळची वेळ भाजीबाजाराची. टेबलं संध्याकाळी, तीही मोजून दिलेल्या जागेत. दोन, भाडं चौरस फुटानं, आणि कुणाला किती जागा दिली त्याची यादी चौकातच फलकावर. तीन, रात्री किती वाजता बंद, हे पेठेत राहणाऱ्यांना विचारून ठरवा, कंत्राटदाराला विचारून नाही. चार, पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे असावे लागतात. ही समिती आपल्याकडे शेवटची कधी बसली, एवढं मुख्याधिकारी साहेबांनी जाहीर करावं. मी बातमी पहिल्या पानावर घेईन.

आणि फिरायला जाणाऱ्या दादा-वहिनींना विनंती. जा, जरूर जा. दुब्रोव्हनिकला गेलात तर सकाळी लवकर उठून त्या चौकात जा आणि भाजीवालीकडून पिशवीभर अंजीर घ्या. वेशीपाशी ओनोफ्रिओचं कारंजं आहे, पंधराव्या शतकात डोंगरातून आणलेल्या पाण्याचं. त्याचं पाणी आजही पितात, बाटली तिथे भरा. रात्री जेवायला बसलात की एकदा मान वर करून बघा, किती खिडक्यांत दिवा आहे. मग फोटो टाका, आणि खाली दिव्यांचा आकडा लिहा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी इथेच आहे. फक्त मुद्द्यावर भांडा, आणि भाजीवाल्या मावशीबद्दल वाकडं लिहिलंत तर कमेंट उडवली जाईल, आधीच सांगतो.